ट्रेल कुणाच्या एआरएनवर जातो, ते आधी विचारा
म्युच्युअल फंड विकणाऱ्या वितरक फर्ममधल्या नोकरीबद्दल ‘पगार बेताचा, पण ग्राहक आपले होतात’ असं म्हणतात; हा मुद्दा मला अर्धाच पटतो. म्युच्युअल फंडाच्या अर्जावर एआरएन (वितरकाचा नोंदणी क्रमांक) फर्मचा असतो, तुमचा असतो तो फक्त ईयूआयएन, म्हणजे विक्री करणाऱ्या कर्मचाऱ्याचा ओळख क्रमांक. ट्रेल कमिशन, म्हणजे गुंतवणूक टिकून असेपर्यंत मिळत राहणारं कमिशन, जमा होतं एआरएनवर. म्हणजे कोथरूड-औंधात घरोघरी बसून, केवायसीचे कागद गोळा करून सुरू केलेल्या एसआयपी राजीनाम्यानंतर फर्मकडेच राहतात. २०१८ मध्ये सेबीने अपफ्रंट (गुंतवणूक होताच आगाऊ मिळणारं कमिशन) जवळपास बंद केल्यापासून खरी कमाई ट्रेलचीच, त्यामुळे हा तोटा फार मोठा आहे. ऑफर लेटरमध्ये ट्रेलमधला वाटा आणि नोकरी सोडल्यावर त्याचं काय होणार, हे लेखी घ्याच. एनआयएसएम पाच-अ या म्युच्युअल फंड वितरकांच्या परीक्षेचं प्रमाणपत्र मात्र तुमच्याच नावावर, मुदत ३ वर्षं; ते तुमच्याबरोबर येतं.