नेवऱ्यांनी घोळ घातला: ७/१२ मोठा की ५/८?

फोंड्याची आई
मुलगा यंदा पाचवीत. चौथीपर्यंत मराठी शाळा, आता गणित इंग्रजीतून, म्हणजे छेद कळतो पण लिहायचं डिनॉमिनेटर. ते होईल सवयीने. अडलंय ७/१२ आणि ५/८ पाशी. तो म्हणतो, "सात व्हड मगे!" (सात मोठे ना!) गणेशचतुर्थीच्या नेवऱ्या (करंज्या) डब्यात होत्याच. एका ताटात १२ मांडल्या, दुसऱ्यात ८. पहिल्यातल्या ७ बाजूला काढल्या, दुसऱ्यातल्या ५. पठ्ठ्याने मोजून सातांचा ढीग उचलला. मला उत्तरच सुचेना, जास्त होत्याच की! तिरकस गुणाकार येतो मला, पण तो का करायचा ते कुणी सांगितलंच नव्हतं.

पेडण्याचे मास्तर
ताई, पोर चुकलं नाही, ताटं चुकली. एकात १२, एकात ८, म्हणजे 'पूर्ण' दोन वेगळे झाले. तुलनेला पूर्ण सारखा लागतो. दोन्हीकडे २४ मांडा. ८ आणि १२ चा लसावि तोच. चोविसाचे आठ वाटे केले की वाट्याला ३, असे पाच वाटे म्हणजे १५. बारा वाटे केले की वाट्याला २, असे सात म्हणजे १४. ५/८ मोठा, तोही एका नेवरीने!
तिरकस गुणाकारही हेच करतो, फक्त २४ ऐवजी ८ × १२ = ९६ धरतो. ५ × १२ = ६०, ७ × ८ = ५६. यातले ६० हे ५/८ चे. मुलं नेमकी इथे बाजू बदलतात.

म्हापशेकर
एवढं कशाला? दोन्ही अर्ध्याच्या वर. ४/८ वर १/८, ६/१२ वर १/१२. भाकरी आठ जणांत वाटली तर तुकडा मोठा की बारा जणांत?
(बाकी जमिनीचा सातबारा उतारा तिकडे महाराष्ट्रात. आपला गोव्यातला उतारा एक-चौदा, तो अर्ध्याच्या आसपासही नाही.)

पेडण्याचे मास्तर
तोंडी हिशोबाला झकास. ४/५ आणि ६/७ असले, तर मात्र एकाला किती कमी पडतं ते बघा. १/५ कमी आणि १/७ कमी. ज्याला कमी पडतं थोडं, तो मोठा.

फोंड्याची आई
नेवऱ्या एवढ्या उरल्या नव्हत्या, २४ चिंचोके घेतले, त्यांचेच आधी आठ वाटे केले, मग बारा. १५ आणि १४ बघून गप्प बसला. मग स्वतःच ३/५ आणि ५/८ काढलं. ४० लागतील म्हटलं. २४ आणि २५ येणार हे वहीत झालंय, पण त्याला मांडूनच बघायचंय. डब्यात निघाले ३१. उरलेले मागायला शेजारच्या मावशीकडे गेलाय.