हीटरमधून गार हवाच येते : डॅशबोर्ड उतरवण्यापूर्वी काय तपासावे?

निफाडकर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे दहा-अकरा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे. आमच्या निफाड भागात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली उतरतो आणि मला नेमके त्याच वेळी नाशिकला निघावे लागते, त्यामुळे हीटर ही माझ्यासाठी चैन नाही. समोरच्या काचेवरचे बाष्प त्याच्याशिवाय लवकर जात नाही. सध्या नॉब लाल खुणेच्या टोकापर्यंत फिरवला तरी हवा गारच येते. ब्लोअर सर्व वेगांवर व्यवस्थित चालतो आणि एसीही उत्तम आहे.

या गाडीत तापमानाचा काटा नाही. इंजिन गार असेपर्यंत निळा दिवा लागतो, एवढेच. हा दिवा गावातल्या रहदारीत विझतो, मात्र महामार्गावर वेग धरला की काही वेळाने पुन्हा लागतो. गेल्या उन्हाळ्यात इंजिन एकदा फार तापले होते आणि तेव्हा रेडिएटरचे काम करून घेतले होते. आता दुसऱ्या एका गॅरेजचे म्हणणे असे की हीटर कॉइल चोक झाली आहे व ती बदलण्यासाठी संपूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागेल. महिनाअखेरीस याच गाडीने मनालीला जायचे आहे. एवढे मोठे काम करण्याआधी घरच्या घरी काही तपासता येईल का?

घाटवाट

डॅशबोर्डला इतक्यात हात लावू देऊ नका. पेट्रोल गाडीचा हीटर स्वतः उष्णता निर्माण करत नाही. इंजिनातून तापून आलेले कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, डॅशबोर्डमागच्या एका छोट्या जाळीतून, म्हणजे तुमच्या त्या हीटर कॉइलमधून, फिरते आणि ब्लोअरची हवा तिच्यावरून जाऊन गरम होते. म्हणून आधी सकाळी इंजिन पूर्ण गार असताना कूलंटची पातळी पाहा, आणि ती केवळ बाजूच्या टाकीत न पाहता रेडिएटरचे झाकण उघडून पाहा. इंजिन गरम असताना हे झाकण कोणत्याही परिस्थितीत उघडू नये, कारण आतले द्रव दाबाखाली असते आणि उकळत अंगावर येते.

त्यानंतर गाडी अर्धा तास चालवून आणा, इंजिन बंद करा आणि इंजिन व केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून आत जाणाऱ्या दोन बारीक रबरी नळ्या जपून चाचपा. एक चटका देणारी आणि दुसरी गार असेल, तर कॉइल तुंबली आहे किंवा तिच्याकडे जाणारा वॉल्व्ह बंद आहे. दोन्ही चांगल्या गरम असूनही हवा गार येत असेल, तर नॉबने सरकणारी आतली झडप अडकली आहे. दोन्ही जेमतेम कोमट असतील, तर दोष हीटरमध्ये शोधण्यात अर्थ नाही.

जुना मिस्त्री

वरील तपासणी योग्यच आहे, परंतु माझा संशय निळ्या दिव्यावरून वेगळीकडे जातो. रहदारीत विझणारा आणि वेगात पुन्हा लागणारा निळा दिवा म्हणजे थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे, किंवा तो गाडीत नाहीच. आपल्याकडे इंजिन तापल्याची तक्रार आली की मूळ कारण न शोधता थर्मोस्टॅट काढून टाकण्याची खोड बऱ्याच गॅरेजांना आहे, आणि आपल्या उन्हाळ्यात ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

साधारण ८२ ते ८८ अंशांपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणे हे थर्मोस्टॅटचे काम. तो नसेल तर कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरते, आणि थंडीत समोरून जोराचा वारा लागला की इंजिन तापण्याऐवजी निवत जाते. नुकसान हीटरपुरते राहत नाही. इंजिन अजून गार आहे असे समजून संगणक जास्तीचे पेट्रोल सोडत राहतो, ॲव्हरेज घसरते आणि त्यातले काही पेट्रोल ऑइलमध्ये उतरून ते पातळ करते. तुमचे ॲव्हरेज उन्हाळ्यानंतर कमी झाले आहे का, ते आठवून पाहा. नवा थर्मोस्टॅट बसवण्यापूर्वी पातेल्यात पाणी तापवून त्यात सोडून पाहावा; गार पाण्यात तो बंद असला पाहिजे आणि पाणी उकळी धरण्याच्या आधी उघडला पाहिजे. डॅशबोर्ड उतरवण्याच्या मजुरीपुढे हा खर्च अगदीच किरकोळ आहे.

निफाडकर

दोघांचेही आभार. दोन्ही नळ्या कोमटच होत्या. ॲव्हरेजही कमी झालेच होते. मी त्याचा दोष पेट्रोलला देत होतो. थर्मोस्टॅट बसतो ते इंजिनावरचे घर उघडून पाहिले असता तो खरोखरच नव्हता, आणि जुन्या बिलावर त्याचा अवाक्षरानेही उल्लेख नाही. नवा बसवल्यावर निळा दिवा वेळेत विझतो आणि पुन्हा लागत नाही. गाडी चालत असताना हवा छान गरम येते, मात्र सिग्नलला थांबलो की काही क्षणांत ती निवते. शिवाय रेडिएटरमध्ये कूलंट भरले आहे की साधे पाणी, याची मला खात्री नाही.

घाटवाट

हे बहुतेक एअर लॉकचे लक्षण आहे. काम करताना हवा आत शिरते आणि कॉइल उंचावर असल्याने तिथे जाऊन बसते. इंजिनाचा वेग कमी असताना पंपाला ती ढकलता येत नाही. गाडीचे तोंड चढाकडे करून उभी करा, गार इंजिनावर झाकण उघडा, नॉब पूर्ण गरमवर ठेवून इंजिन सुरू करा आणि बुडबुडे थांबेपर्यंत पातळी भरत राहा. मनालीला जाण्याआधी मात्र जुने सर्व द्रव काढून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे भरा. असे मिश्रण उणे ३५ अंशांच्या आसपासही गोठत नाही, तर साधे पाणी शून्यालाच गोठून साधारण ९ टक्के फुगते आणि तेवढ्याने इंजिनाचा ब्लॉक तडकू शकतो. इथिलीन ग्लायकॉलचे कूलंट गोडसर आणि विषारी असते, म्हणून काढलेले द्रव कुत्र्या-मांजरांच्या वाटेत ओतू नका.

जुना मिस्त्री

एकच भर घालतो. बराच वेळ इंजिन चालवूनही बुडबुडे थांबले नाहीत, किंवा आज भरलेली पातळी काही दिवसांत पुन्हा खाली गेली आणि बाहेर गळतीचा मागमूस दिसला नाही, तर उन्हाळ्यात इंजिन तापले तेव्हा हेड गॅस्केटला, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामधला सांधा घट्ट बंद ठेवणाऱ्या पट्टीला, इजा झाली असण्याची शक्यता आहे. ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये मिसळतो आहे का, हे रंग बदलणाऱ्या द्रावणाने तपासता येते. गाडी हिमाचलच्या चढावर नेण्याआधी ती चाचणी नाशिकमध्येच करून घ्या.