मौनी अमावस्या: तुमच्याकडे मौन कसं पाळतात?

पौष अमावस्या जवळ आली, म्हणून हा धागा. आमच्या घरी या दिवशी स्नान, पूजा, दान होईपर्यंत कुणी बोलत नाही. मी पुढे दिवेलागणीपर्यंत मौन ठेवते. गीतेच्या सतराव्या अध्यायात मौन वाणीच्या तपात नाही, मनाच्या तपात धरलंय, आणि मला ते फार पटतं. पण मग खुणा चालतात का? फोनवर लिहिलेलं चालतं का? गांधीजी सोमवारच्या मौनात चिठ्ठ्या लिहीत. काष्ठमौन पाळणारे साधी खूणही करत नाहीत. तुमचे अनुभव सविस्तर लिहा.

सातारा
आमच्या आजीचं जेवणापुरतं मौन असायचं, आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत. ती पानावर बसली की आई सगळं एकदम वाढायची, कारण ती मागून काही घेत नसे. पुरे म्हणायचं तर तळहात पानावर आडवा. भाजी अळणी झाली तरी कपाळावर आठी नाही. आम्ही नातवंडं तिला बोलतं करायला काय काय करायचो! ती घास खाली ठेवून आमच्याकडे नुसती बघायची, की आम्ही गप्प. कार्तिकात समाप्तीला गावच्या मारुतीला पितळी घंटा दिली. मौनाच्या व्रताला घंटेचंच दान असतं, असं तिनेच सांगितलं होतं. आज मीही चातुर्मासात तसंच जेवते. टीव्ही बंद, फोन दुसऱ्या खोलीत. घास नीट चावला जातो आणि पोट कधी भरलं ते कळतं.

प्रयागराज (माहेर नागपूर)
इथे हिला माघातली अमावस्या म्हणतात, तिथी तीच. माघ मेळ्यातलं हे सगळ्यात मोठं स्नान. चुकलेल्या माणसांची नावं भोंग्यावरून सारखी पुकारत असतात, आणि त्या गलक्यात कल्पवासी (महिनाभर संगमाकाठी व्रताने राहणाऱ्या) बायका ओठ मिटून संगमाकडे चालतात. डुबकी, सूर्याला अर्घ्य, तिळाचं दान, मगच पहिला शब्द. शांतता मिळाल्यावर मौन धरू, असं म्हणणाऱ्यांनी हे एकदा बघावं.

पुणे
सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. त्यांनी हाक मारली की ओ द्यावीच लागते. म्हणून मी पहाटे उठल्यापासून त्यांना जाग येईपर्यंतच मौन धरते. तेवढं चालेल ना?

बेळगाव
ताई, नक्की चालेल. आजाऱ्याला ओ देऊन कुठलं व्रत मोडत नाही.
माझा अनुभव सांगतो. तोंड मिटलं की आतली भांडणं सुरू होतात. ऑफिसातला वाद, भावाशी झालेली बोलाचाली, 'त्याला असं म्हणायला हवं होतं' हेच दुपारपर्यंत. नुसतं गप्प बसून ते थांबत नाही. मी माळ घेतो आणि 'राम कृष्ण हरी' मनातल्या मनात चालू ठेवतो. तिसऱ्या प्रहरी कुठे जरा निवळतं. फोनवर लिहीत बसलो तर तेवढंही होत नाही, म्हणून माझ्या मते लिहिणं नको. खूण चालावी, घरच्यांची अडचण होऊ नये.

धागाकर्ती
लिहिण्याबद्दल दादांचं पटलं. यंदा फोन आदल्या रात्रीच बंद करून मुलाकडे देते, आणि दूधवाल्याला व कामाच्या मावशींना आधीच सांगून ठेवते. ज्यांनी काष्ठमौन केलंय त्यांनी जरूर लिहा. घरातली कामं त्या दिवशी कशी लावता?