मदत हवी आहे: आईच्या लिव्हरवरचे व्रण आणि रोजचा गुळवेलीचा काढा

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरचे, रामबागेत राहतो. आईला, वय ५८, गेल्या वर्षी ऑटोइम्यून हिपॅटायटिस निघाला. दारूचा प्रश्नच नाही, हिपॅटायटिस बी-सी दोन्ही निगेटिव्ह. आधीच्या डॉक्टरांनी नुसती सोनोग्राफी बघून 'फॅटी लिव्हर आहे, वजन कमी करा' म्हणत सहा महिने घालवले. आई रोज पहाटे फिरायला जायची आणि दिवसेंदिवस थकत गेली. डोळे पिवळे झाले तेव्हा एसजीपीटी (लिव्हरची इजा दाखवणारा रक्तातला आकडा) ४१२, आणि प्रतिकारशक्ती उलटल्याची खूण देणाऱ्या तपासण्यांत आयजीजी २६४०, एएनए पॉझिटिव्ह. बायोप्सीत व्रण एफ-३ टप्प्याचे, म्हणजे सिरॉसिसच्या (व्रणांनी लिव्हर कडक होण्याच्या) एक पायरी अलीकडे.

नव्या डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागे चित्र काढून समजावलं. आपल्याच प्रतिकारपेशी लिव्हरला परकं समजून मारतात. तिथल्या गस्तीच्या कुफर पेशी चेतवल्या जाऊन टीजीएफ-बीटासारखी रसायनं सोडतात. शेजारी अ जीवनसत्त्व साठवून निवांत बसलेल्या ताराकृती पेशी त्यामुळे जाग्या होतात आणि कोलॅजेन तयार करत सुटतात. जखमेवर खपली धरते तसंच, पण इथे जखम रोज नवी, म्हणून खपलीवर खपली. कारण दारू असो, विषाणू असो की चरबी, व्रणाची वाट बरीचशी हीच, असं ते म्हणाले.

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ४० वरून १० मिलिग्रॅमवर आलंय, सोबत प्रतिकारशक्ती दाबणारं ॲझाथायोप्रिन ५०. एसजीपीटी आता ३४. फायब्रोस्कॅन (लिव्हरचा ताठरपणा मोजणारी तपासणी) १४.२ किलोपास्कल होता, आठ महिन्यांनी ९.१ आला. चेहरा मात्र गोल झालाय, बांगड्या चढत नाहीत, पहाटे तीनला झोप उडते ती उडतेच. परवा उठून बघते तर स्वयंपाकघरात एकटीच मेथी निवडत बसलेली.

विचारायचं हे, की ९.१ म्हणजे व्रण खरंच कमी झाले का? ॲझाथायोप्रिन किती वर्षं? आणि शेजारच्या काकू रोज सकाळी झाकण घातलेल्या पेल्यात गुळवेलीचा काढा आणून देतात, 'इम्युनिटी वाढेल' म्हणून. आईला नाही म्हणवत नाही. जी प्रतिकारशक्ती औषधांनी दाबतोय तीच काढ्यानं वाढवायची, हे मला पटत नाही. फार काळजी वाटते.

प्रतिसाद १:
ताई, काढा आजच बंद करा आणि आतापर्यंत घेतलेला डॉक्टरांना सांगा. गुळवेल घेणाऱ्या सहा जणांना लिव्हरची इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं होतं, बरेचसे ऑटोइम्यून प्रकारचे. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली होती, पण ज्याला हाच आजार आहे त्याने धोका का पत्करावा?

माझी मोठी बहीण बडोद्यात, नऊ वर्षं याच आजारात आहे. फायब्रोस्कॅन लिव्हरचा ताठरपणा मोजतो, आणि नुसत्या सुजेनेही ताठरपणा वाढतो. त्यामुळे पहिली मोठी घसरण बरीचशी सूज उतरल्याची असते. पण व्रणही मागे हटतात. मारा थांबला की काही ताराकृती पेशी मरतात, काही पुन्हा निवांत होतात, आणि भक्षक पेशी साचलेलं कोलॅजेन विरघळवायला लागतात. वेळ लागतो, वर्षं लागतात. बहिणीचं स्टेरॉइड सुटलं, ॲझाथायोप्रिन चालू आहे. मध्ये बरं वाटतंय म्हणून तिने मनानेच सोडलं होतं, चार महिन्यांत एसजीपीटी तीनशेवर. मनाने सोडू देऊ नका. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) नियमित करा, ॲझाथायोप्रिनने पांढऱ्या पेशी घटतात. डेक्सा, म्हणजे हाडांची तपासणी, झाली का? स्टेरॉइडने हाडं ठिसूळ होतात.

धागाकर्ती:
मनापासून आभार. डेक्सा झालेली नाही, सोमवारी विचारते. काकूंना घरी बोलावलं, डॉक्टरांचं चित्र दाखवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं, 'मला काय ठाऊक गं' म्हणाल्या. आता विचारतायत, काढ्याऐवजी मुगाचं कढण आणू का? ते चालेल ना?