कॅरेक्टर सेट: अक्षरसंच, वर्णसंच की आणखी काही?

जळगाव: मायएसक्यूएल हा डेटाबेस शिकणाऱ्या पोरांसाठी मराठीत टिपणं काढतोय. 'कॅरेक्टर सेट'ला, म्हणजे कोणती चिन्हं आणि ती बाइटमध्ये कशी लिहायची हे ठरवणाऱ्या संचाला, कुठे अक्षरसंच दिसतं, कुठे वर्णसंच. तुम्ही काय लिहिता? आणि जोडणीचा कॅरेक्टर सेट ठरवणाऱ्या 'सेट नेम्स' कमांडचं काय करू? नावांचा तिथे काडीचा संबंध नाही.

धुळे: दोन्ही नको. 'रावेर' घ्या. अक्षरं ३. व्याकरणाने फोड केली तर वर्ण ६: र्, आ, व्, ए, र्, अ. मायएसक्यूएलला 'कॅर लेंग्थ', म्हणजे कॅरेक्टरची संख्या, विचारा, तो ५ सांगतो. काना-मात्रा सुटे मोजतो आणि शेवटचा 'अ' त्याच्या गावीही नसतो. नुसती 'लेंग्थ' विचारली तर १५ बाइट, कारण यूटीएफ-८ या कॅरेक्टर सेटमध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ लागतात. मी 'चिन्हसंच' म्हणतो. कान्याला चिन्ह म्हणायला कोणाची हरकत नसते.

भुसावळ: चिन्हसंच पटलं भो. मला खटकतं ते 'सेट नेम्स'ला 'चिन्हसंच बदलणे' म्हणणं. पोरांना वाटतं टेबलातला मजकूरच बदलला. 'सेट नेम्स'ने साठवलेल्या ओळींना धक्काही लागत नाही. आपण सर्व्हरला एवढंच सांगतो की माझ्याकडून येईल ते या चिन्हसंचात, उत्तरही त्यातच दे. म्हणून 'चिन्हसंच सांगणे'. टर्मिनल यूटीएफ-८ आणि सांगितला लॅटिन-१ हा दुसराच चिन्हसंच, तर यूटीएफ-८च्या रकान्यात 'रावेर' १५ भलत्याच लॅटिन चिन्हांचा होऊन बसतो. त्याच जोडणीतून वाचला तर मात्र नीट दिसतो! मग घोळ कळणार कधी? दुसऱ्या कोणी योग्य चिन्हसंच सांगून वाचला तेव्हा.

जळगाव: आणि क्लायंटची, म्हणजे आपण कमांड टाइप करतो त्या प्रोग्रामची, 'चारसेट' कमांड? तीही तेच करते ना?

धुळे: तेच, वर थोडं जास्त. 'सेट नेम्स' ही सर्व्हरशी बोलणी, क्लायंटला तिचा पत्ता नसतो. 'चारसेट' दिलं की क्लायंट स्वतःही तो चिन्हसंच धरतो आणि सर्व्हरला 'सेट नेम्स' पाठवतो. आपल्याकडे भर दुपारी लाइट जाते, राउटर बंद, जोडणी तुटली. ऑटो-रिकनेक्ट चालू असेल तर ती परत लागते, पण 'सेट नेम्स'चं सांगणं पुसलेलं असतं. 'चारसेट'चं टिकतं. उदाहरणात 'यूटीएफ-८-एमबी-४'च द्या, जुन्या तीन बाइटवाल्या यूटीएफ-८मध्ये इमोजी मावत नाही. ८.० पासून डिफॉल्टही तोच आहे.

अमळनेर: 'कोलेशन' यात मिसळू नका, तो वर्णक्रम, म्हणजे मजकुराची तुलना करायचे आणि क्रम लावायचे नियम. आमच्याकडे कोणी 'शाळा' लिहितं, कोणी अहिराणीत 'शाया'. शोधताना दोन्ही एकत्र यावीत ही अपेक्षा चिन्हसंचाकडून तरी ठेवू नका.

जळगाव: चिन्हसंच घेतला, 'सांगणे'ही घेतलं. 'सेट नेम्स' आणि 'चारसेट' मात्र आहेत तसेच ठेवतो, टाइप तर तेच करायचंय.