बंद घर गणपतीपर्यंत थांबत नाही
'गावचं घर कुठे पळून जातंय, गणपतीला जाऊन झाडलोट केली की झालं' असं बरेच जण म्हणतात. कोकणातल्या कौलारू घराला हे लागू नाही. गणपतीपर्यंत बराचसा पाऊस पडून गेलेला असतो. कौलं परतायची (काढून, साफ करून पुन्हा नीट बसवायची) ती मे महिन्यात, मिरगाआधी, म्हणजे जूनच्या सुरुवातीला लागणाऱ्या मृग नक्षत्राआधी. माकडांनी एक कौल सरकवलं की पाणी शिरून खालची रीप (कौलं टेकतात ती लाकडी पट्टी) कुजते, रांग घसरते, पाणी मातीच्या भिंतीत मुरतं आणि भिंत बसते. चूल बंद म्हणजे धूरही नाही, मग वाशांना वाळवी. पूर्वी शेजारी एकमेकांच्या घरांवर आळीपाळीने चढायचे. आता वाडीत चढणारेच उरले नाहीत (उरलेत ते साठीपुढचे), म्हणून गडी एप्रिलातच सांगून ठेवा. आणि 20-25 जादा कौलं पडवीत रचून ठेवा, जुन्या मापाची सहज मिळत नाहीत.