मदत हवी आहे : सोलापुरात सिद्धेश्वर मंदिराजवळ राहायला चांगलं लॉज

नमस्कार मंडळी. दोन ज्येष्ठ नागरिक आणि चार मोठी माणसं, सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सोलापूर, मुक्काम दोन रात्री. स्टेशन, पार्क चौक किंवा नवी पेठ या भागातलं लॉज हवंय. मंदिर आणि भुईकोट किल्ला शेजारीशेजारीच, त्यामुळे पहिला दिवस रिक्षावर निभावतो.

खरा घोळ चेक-इनचा आहे. गाडी पहाटे पोचते आणि चेक-इन दुपारी बाराचं असेल तर एक तर लॉबीत बसा, नाहीतर अख्ख्या दिवसाचं जादा भाडं भरा. म्हणून २४ तासांचं चेक-आऊट देणारं कुठलं? फोनवर सगळेच 'हो' म्हणतात, काउंटरवर सूर बदलतो. स्वतः राहिलेल्यांनीच सांगा.

कमोड आणि लिफ्ट हवीच. वीज गेल्यावर लिफ्ट जनरेटरवर चालते की फक्त दिवे, हेही कळवा. गरम पाणी सोलरचं असेल तर पहाटे वरच्या मजल्यावर बादलीभर गार पाणी वाया गेल्यावर कुठे कोमट येतं, तेव्हा गीझरवालं बरं.

दुसऱ्या दिवशी गाडी करून तुळजापूर (साधारण ४५ किमी) आणि तिथून नळदुर्ग. मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा टाळतोय. अक्कलकोट गुरुवार सोडून तिसऱ्या दिवशी. सहा जणांना एर्टिगा पुरेल का, की सामानामुळे मोठी गाडीच घ्यावी? आणि ड्रायव्हरच्या झोपण्याची सोय लॉजवर होते का?